बर्फवाले भावोजी

माझ्या धाकट्या दिरांकडे एकदा लग्नघरची दोन माणसं बर्फाच्या लाद्या मागायला आली होती. पाहुणे येऊन बसले होते, प्यायचं पाणी कोमट होतं, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की या गल्लीत बर्फवाले राहतात. भावोजी हातात ओला ब्रश घेऊन दारात आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बर्फ आहे माझ्याकडे. पण तो वितळत नाही."

आतून माझी जाऊ ओरडली, "आणि पाण्यात टाकायलाही उपयोगाचा नाही! नुसता बघत बसायचा!"

ती माणसं एकमेकांकडे बघत निघून गेली. त्यांना नक्कीच वाटलं असेल की घरातल्या माणसांचं डोकं ठिकाणावर नाही.

भावोजी एका फोटो स्टुडिओत कामाला होते; पडदा रंगवायचा, माणसांना उभं करायचं, दिवे जुळवायचे. पूर्वी फोटो काढायला माणसं नवे कपडे घालून, केस विंचरून स्टुडिओत जात, आणि त्यांच्या पाठीमागे रंगवलेला पडदा सोडलेला असे. हा स्टुडिओ चपलांच्या दुकानाच्या वर होता. जिना इतका अरुंद की नवरा-नवरी जोडीने चढू शकत नसत. वर एक लांबट खोली, डाव्या हाताला मोठी खिडकी, समोर स्टँडवर कॅमेरा आणि टोकाला वेळूला गुंडाळलेले तीन पडदे. एक बागेचा, एक खांब आणि संगमरवरी पायऱ्यांचा, आणि तिसरा बर्फाच्या डोंगराचा. पहिले दोन दुसऱ्या कोणाच्या हातचे, मालकांनी विकत घेतलेले. तिसरा भावोजींचा.

त्या पडद्याचं मूळ म्हणजे एक कॅलेंडर. मालकांना कोण्या व्यापाऱ्याने दिलेलं. त्यातल्या एका पानावर उत्तरेकडच्या एका सरोवराचा फोटो होता. दोन्ही बाजूंना उंच काळपट झाडं, अलीकडे पाण्यात शिरलेला लाकडी धक्का, पलीकडे बर्फाचे डोंगर. भावोजी तेव्हा जेमतेम विशीत असतील. त्यांनी मांजरपाटाच्या कापडाला सरस आणि खडूचा हात दिला आणि ते पान खिळ्याला टांगून पडदा रंगवायला घेतला. तो स्टुडिओत पहिल्यांदा सोडला त्या दिवसापासून बाग आणि संगमरवर यांना कोणी विचारीना. ज्याला त्याला बर्फ हवा. नवी जोडपी, परीक्षा पास झालेली मुलं, नोकरीतून सुटलेले म्हातारे, सगळे त्या डोंगरासमोर उभे राहिले. कोणाच्याही घरी गेलं की भिंतीवर तोच डोंगर आणि त्याच्यापुढे ओळखीचे चेहरे. माणसं त्यांना बर्फवाले म्हणू लागली ती तेव्हापासून.

पडदे रंगवणाऱ्यांची एक रीत असते, ती मला त्यांनीच सांगितली. पडद्याची मधली जागा रंगवायची नाही. म्हणजे कोरी सोडायची नाही, पण तिथे नुसता फिकट निळसर धुरकट रंग, कपड्याच्या बोळ्याने पुसल्यासारखा. कारण तिथे माणूस उभा राहणार. मधे झाड काढलं तर फोटोत नवऱ्यामुलाच्या डोक्यातून झाड उगवतं. मधे शिखर काढलं तर टोपी घातल्यासारखं दिसतं. मधल्या जागेला ते लोक 'बसायची जागा' म्हणत. कॅलेंडरात त्या ठिकाणी काय होतं ते भावोजींनी कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. जे रंगवायचं नाही ते बघायचं कशाला?

माझी जाऊ पहिल्यांदा त्या बसायच्या जागेवरच बसली. कुठल्याशा नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता म्हणून आली होती. फोटो झाल्यावर उठली, मागे वळून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुठलं?"

"उत्तरेला आहे. मी जाणार आहे."

"कधी?"

"लवकरच."

पुढे आयुष्यभर ती मला म्हणायची, "वहिनी, त्या 'लवकरच'वर मी लग्न केलं."

ती नोकरी तिला मिळाली नाही, पण स्टुडिओतच काम मिळालं. काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग द्यायचं. काडीला कापूस गुंडाळून ती गालांवर गुलाबी, ओठांवर त्याहून थोडा गडद असा रंग चढवायची. हात इतका हलका की फोटोतली बाई आत्ताच लाजली आहे असं वाटावं. शिवाय पडद्यांची धूळ झटकणं हेही तिच्याकडे आलं, ते कोणी सांगितलं म्हणून नव्हे, दुसरं कोणी करत नव्हतं म्हणून. "सगळं गाव बर्फ पाठीशी घेऊन हसतंय," ती म्हणायची, "आणि मी त्या बर्फाची जळमटं काढतेय."

आमच्या ह्यांची नोकरी बदलीची. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं. मला त्या हिंडण्याचं काडीचं कौतुक नव्हतं. मी घरी आले की नळाला पाणी नव्हतं, डास होते, शेजारीण भांडखोर होती, असंच सांगायची. जाऊ मात्र पुढे सरकून बसायची. तिचे प्रश्न वेगळेच असत. तिथली माणसं सकाळी किती वाजता उठतात? घरांना अंगण असतं की थेट रस्ता? कपडे कुठे वाळत घालतात? मी थट्टेने म्हणायची, "अगं, मी प्रवासाला गेले होते, पाहणीला नाही." ती हसायची, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडायची नाही.

ती स्वतः कुठेच गेली नाही.

याला कारण भावोजींचं एक तत्त्व. त्यांच्या मते जायचं तर तिकडेच, त्या सरोवरालाच. इकडे तिकडे किरकोळ ठिकाणी जाऊन मन विटवायचं नाही. "जेवणाच्या आधी खाऊ खाल्ला की भूक मरते," हे त्यांचं वाक्य. जावेची बहीण अर्ध्या दिवसाच्या अंतरावर नदीकाठी राहायची. तिने कितीदा बोलावलं. स्टुडिओतल्या बायका एकदा समुद्रावर गेल्या. शेजारच्या मास्तरीणबाईंनी टेकडीवरची एक खोली आठवड्यासाठी घेतली होती, त्यात दोघांची सोय होती. प्रत्येक वेळी भावोजी प्रेमाने म्हणाले, "अगं, आता राहिलंय किती? पुढच्या उन्हाळ्यात थेट तिकडेच जाऊ." मनाचे दुष्ट नव्हते ते. उलट मला वाटतं, तिला सगळ्यात चांगलं तेच पहिल्यांदा दाखवावं, अशी त्यांची खरीच इच्छा होती. दुसऱ्या कुठल्याही बायकोला मिळालं नसेल असं काहीतरी.

पुढचा उन्हाळा यायचाच. पण कधी सासूबाईंचं अंग लुळं पडलं, कधी मुलीची परीक्षा, कधी छप्पर गळायला लागलं. सासूबाई अंथरुणावर होत्या त्या सगळ्या वर्षांत जाऊ स्टुडिओतून घरी आणि घरातून स्टुडिओत, याच्यापलीकडे गेली नाही. संध्याकाळी ती पडद्यासमोर मधल्या जागेत उभी राहायची, कारण भावोजींना दिव्याचा उजेड जुळवायला कोणीतरी उभं करावं लागे. "हनुवटी जरा खाली," ते म्हणायचे. "अजून जरा."

"खालीच आहे हो," ती म्हणायची. "आता काय छातीत घालू?"

मग रंगीत फोटो आले, मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. गालांना रंग द्यायला कोणी येईना, पडद्यासमोर बसायला तर नाहीच. मालकांनी जागा चपलांच्या दुकानदाराला देऊन टाकली. बाग आणि संगमरवर भंगारात गेले, बर्फ भावोजी घरी घेऊन आले. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं, सासूबाई वारल्या होत्या, कामही सुटलं होतं. आता अडवणारं कोणी उरलं नव्हतं. तिकिटं काढली. जाऊ लोकरीचे मोजे विणायला बसली. त्यांच्यासाठी एक जोड, आपल्यासाठी एक जोड. त्यांचा पूर्ण झाला.

तिच्या पोटातलं दुखणं तोवर तिने कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ह्यांची नोकरी संपून आम्ही तोवर गावी परतलो होतो; त्या दिवसांत मी रोज तिच्याकडे जात असे. एक दिवस गेले तर खोलीत अंधार. भावोजींनी तो पडदा तिच्या पलंगासमोर टांगला होता. भल्यामोठ्या पडद्याला पुरेल अशी एकच भिंत, आणि नेमकी खिडकीची. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला तेवढंच समाधान, वहिनी. आपण जाऊ शकलो नाही, तर ते इथे आणलं."

जाऊ डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली आहे. पण ती म्हणाली, "अहो, काढा तो."

"काय गं?"

"पडदा काढा. आयुष्यभर तोच पाहिलाय. मला खिडकी बघू द्या."

भावोजी स्टुलावर चढले आणि एकेक खिळा काढू लागले. मी खालून कापड धरलं. बाहेर काय होतं? समोरच्या घराच्या गॅलरीचा कठडा, त्यावर कोणाची तरी चादर आणि लहान मुलाची चड्डी. ती बराच वेळ बघत होती. "ऊन आलंय," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने फार दिवस काढले नाहीत.

वर्षभर लेक दर रविवारी डबा घेऊन यायची, भावोजी जेवायचे, डबा धुऊन द्यायचे. मग एका सकाळी माझ्याकडे आले, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "वहिनी, मी जाऊन येतो."

"कुठे?"

"तिकडे. उत्तरेला."

मी म्हटलं, "भावोजी, आता कशाला? एकट्याने? त्या थंडीत छातीत कफ झाला तर पाणी द्यायला कोण आहे?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, दोनच गोष्टी आहेत. ती जागा मी म्हणत होतो तशी असेल, तर त्या जागेला मी तिला मुकवलं. तशी नसेल, तर एका फालतू पाण्याच्या डबक्यापायी मी तिला नदी, समुद्र, टेकडी सगळ्याला मुकवलं. दोन्हींत माझं काही चांगलं नाही. पण मी तिचं नक्की काय केलं, ते तरी मला कळायला हवं ना?"

मी त्यांना आमच्या ह्यांचा जाड कोट दिला. खांद्यात मोठा झाला, पण घालून गेले.

लेकीने थयथयाट केला. "बाबा, मी सुट्टी काढते, थांबा." ते म्हणाले, "थांबायचं आता नको." पोचल्यावर एक फोन आला, पोचलो म्हणून. मग काही नाही.

परतल्यावर लेकीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. जावई, नातवंडं, मी. भावोजींचं नाक सोलवटलं होतं आणि ओठ फुटले होते. जावयांनी विचारलं, "मग? कसं होतं स्वप्नातलं सरोवर?"

भावोजींनी भात कालवला. "काही विशेष नाही. चित्रातच बरं."

"म्हणजे?"

"म्हणजे, पाणी आहे, डोंगर आहेत. दुकानं, गर्दी, प्लॅस्टिक. इथे नाही का पाणी? कॅलेंडरवाल्याने चांगलं फसवलं."

जावई म्हणाले, "कोर्टात खेचा त्याला, बाबा. जन्मभराची नुकसानभरपाई मागा!" नातवंडं खिदळली. लेक मात्र एकदम सैल झाली. एवढे दिवस तिच्या मनात काय होतं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती वडिलांच्या पानात वाढता वाढता म्हणाली, "बरं झालं बाई. म्हणजे आई काही मुकली नाही."

भावोजींनी मान हलवली. "नाही. काही मुकली नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलताना ते आपल्या बोटांकडे बघत, हे मला त्यांच्या लग्नाआधीपासून माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात ते माझ्या स्वयंपाकघरातलं कपाट रंगवायला आले. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. मी टेबलाशी मटार सोलत होते. ते माझ्याकडे पाठ करून रंगवत होते. पहिल्या दिवशी फक्त रंगाबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "तिथे पोचलो तर वहिनी, काही दिसेचना. सगळा ढग. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. लॉजची मालकीण म्हणाली, लोक येतात आणि असेच परत जातात, सरोवराचं दर्शन काय सगळ्यांना होतं?"

"मग केलंत काय?"

"ते सांगू नये असंच आहे." ते हसले. परतल्यापासून पहिल्यांदाच. "काठावर एक फोटोवाला होता. त्याने काय केलं होतं माहीत आहे? सरोवराचं एक मोठं चित्र छापून लोखंडी चौकटीला बांधलं होतं. निळं आकाश, बर्फ, सगळं. ढग असले की लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. सरोवराच्या काठावर, वहिनी! सरोवराकडे पाठ करून, सरोवराच्या चित्रापुढे!"

मी इतकी हसले की मटाराच्या शेंगा जमिनीवर सांडल्या.

"मी त्याला म्हटलं, बाबा रे, हा माझाच धंदा. तो म्हणाला, काका, ढग असले तर माझ्या घरात चूल पेटते, ऊन पडलं की मी उपाशी. मग काय, मी त्याच्याजवळच बसलो. दिवसभर. त्याने लोकांना उभं करायचं आणि मी म्हणायचं, हनुवटी जरा खाली. त्याला पटलं. म्हणाला, राहता का इथेच?"

"मग राहायचं होतं की."

"एकदा त्याने मलाच उभा केला. चला काका, तुमचा एक, माझ्याकडून. मी नको म्हटलं. एकट्याचा फोटो मी ओळखपत्रापुरता काढलाय, तेवढा पुरे."

मग ते कपाटाचं दार रंगवत राहिले. ब्रश वरून खाली, वरून खाली. मी वाट पाहिली. मिशनच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, समोरचा माणूस थांबला की लगेच तोंड उघडायचं नसतं. ते मी तिथे शिकले आणि आयुष्यात फार कमी वेळा पाळलं. त्या दिवशी पाळलं.

"निघायच्या आदल्या सकाळी फोटोवाला आपलं चित्र सोडून गुंडाळायला लागला," ते म्हणाले. "मी विचारलं, का रे? तो म्हणाला, वारा फिरलाय काका, माझं दुकान बंद, आता तुमचं सरोवर बघा. आणि खरंच ढग उठला. पडदा वर ओढतात तसा नाही. फाटत फाटत. आधी झाडं दिसली. ती माझ्यासारखीच होती, बरं का, तेवढी मी बरोबर काढली होती. धक्का मोडून सिमेंटचा केलाय. मग बाजूचे डोंगर दिसले. तेही ठीक. मी मनात म्हणत होतो, बास, एवढंच ना? हे तर आपल्याकडे होतंच. मग मधलं उघडलं."

"मधलं?"

"मी रंगवलं नव्हतं ते. बसायची जागा." ब्रश थांबला होता, पण ते वळले नाहीत. "वहिनी, ते दोन डोंगर खाली येतात आणि मिळतच नाहीत एकमेकांना. मधे खिंड आहे. त्या खिंडीतून पलीकडे आणखी डोंगर, त्याच्यापलीकडे आणखी, निळ्यावर निळा, निळ्यावर निळा, संपतच नाही. आणि सगळा उजेड तिथूनच येतो. माझ्या पडद्यात उजेड डावीकडून होता, स्टुडिओची खिडकी डावीकडे म्हणून. तिथे तो मधून येतो. पाण्यावरून सरळ तुमच्या पायापर्यंत. आणि त्या खिंडीच्या खाली, पाण्याच्या कडेला, थोडी सपाट जमीन. तिथे घरं आहेत. चार-पाच. धूर येत होता. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती."

मी मटार सोलायचं सोडून दिलं होतं.

"तिने आधी तेच पाहिलं असतं," ते म्हणाले. "डोंगर वगैरे नंतर. आधी म्हणाली असती, अहो, एवढ्या थंडीत कपडे वाळतात तरी कसे हो?"

मी म्हटलं, "म्हणजे सुंदर होतं."

"माझा पडदा म्हणजे त्याचा अपमान होता, वहिनी. मी तिला इतकी वर्षं ज्याचं वर्णन करून थांबवून ठेवलं, त्याच्यात जे खरं बघायचं होतं, तेच मला ठाऊक नव्हतं. लोकांनी पाठ करून उभं राहावं म्हणून मी ते पुसून टाकलं होतं. आणि तिलाही तिथेच उभं केलं."

"लेकीला का नाही सांगितलंत?"

आता ते वळले. हातावर पांढरा रंग ओघळला होता. "काय सांगू? आई काहीच न बघता गेली, हे तिला माहीत आहे. काय बघायचं राहिलं, ते कशाला कळायला हवं? एकाला माहीत आहे, तेवढं पुरे."

"आता दोघांना," मी म्हटलं.

"तुम्ही काय, वहिनी. तुम्ही जग हिंडलेल्या," ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावून घरी गेले. कपाटाचं खालचं दार तसंच राहिलं होतं. ते दुसऱ्या दिवशी येऊन पुरं केलं, आणि त्यानंतर सरोवराचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

ते त्यानंतर दोन-अडीच वर्षं होते. शेजारच्या मुलांना चित्र काढायला शिकवायचे. मुलांनी पानाच्या मधे काही काढलं नाही की पान परत द्यायचे. "मधे काय आहे? जाऊन बघून ये," म्हणायचे. मुलं कंटाळायची. लेक दर रविवारी यायची. कोणी प्रवासाचा विषय काढला, की ती हटकून सांगायची, "आमचे बाबा जन्मभर त्या सरोवराचा ध्यास घेऊन बसले, आणि जाऊन बघतात तर काय, काही नाही! नशीब, आईला तेवढी पायपीट झाली नाही." भावोजी शेजारी बसून मान हलवायचे. मी ते कितीदा तरी पाहिलं. प्रत्येक वेळी ते बोटांकडे बघत असत.

गेल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ते गेले. लेक शेवटपर्यंत उशाशी होती.

घर आवरून झाल्यावर ती माझ्याकडे आली. दमलेली होती. चहा पिता पिता म्हणाली, "काकू, यांच्या ऑफिसातली काही मंडळी त्या सरोवराला चालली आहेत. हे विचारतायत, आपणही जाऊ या का. मी म्हटलं, बाबाच म्हणाले होते, त्यात काही नाही. यांना तसं वाटत नाही. हे म्हणतात, एवढ्या लांबून माणसं काय उगाच जातात?" मग कप खाली ठेवून तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुला कधी काही बोलले का गं ते?"

भावोजींनी मला शपथ घातली नव्हती. घातली असती तर सोपं झालं असतं. मी माझ्या कपातल्या चहाकडे बघत राहिले. हो म्हणावं तर त्या पोरीच्या जिवाला घोर. नाही म्हणावं तर भावोजी तिच्या लेखी कायमचे एक फसलेले, खुळे गृहस्थ राहणार, ज्यांनी डबक्यापायी जन्म घालवला. त्यांनी ते खुळेपण आपणहून पत्करलं होतं. पण मी ते त्यांच्यावर कायमचं ठेवू शकले नाही.

"फार सुंदर होतं," मी म्हटलं.

"काय?"

"सरोवर. ते म्हणत होते त्याहून सुंदर. इतकं, की त्यांना आपल्या पडद्याची लाज वाटली."

मग तिने विचारलं तसं सगळं सांगितलं. ढग, फोटोवाला, खिंड, कपडे वाळत घालणारी बाई. फोटोवाल्याचं ऐकून ती हसली. नंतर हसली नाही.

"म्हणजे आई मुकली," ती म्हणाली.

"हो."

मला वाटलं आता ती आईसाठी रडेल. पण ती तशीच बसून राहिली, आणि मग एकदम तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "काकू, मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे गं. सगळ्यांसमोर. आई काही मुकली नाही. किती वेळा म्हटलं असेन मी! आणि ते..."

"मान हलवायचे."

"का नाही बोलले? ओरडायचं तरी माझ्यावर!"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला बरं वाटावं म्हणून ते गप्प राहिले, हे तिला आता माझ्याइतकंच कळत होतं, आणि त्याचाच तिला सर्वात जास्त त्रास होत होता. ते ओझं मी त्यांच्या डोक्यावरून उतरवून तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

संध्याकाळी मी तिला जेवायला थांब म्हटलं. ती थांबली. दोघींनी मिळून स्वयंपाक केला. मीठ कमी पडलं, ते ती उठून घेऊन आली. ती सरोवराला जाणार की नाही, हे मी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.